पाण्यामागून कोण येतं?

कुरकुंभच्या चौकात एसटीची वाट बघत तुम्ही कधी ना कधी उभे राहिला असाल. दौंडला जायचं असेल, बारामतीला कॉलेज असेल, नाहीतर शनिवारी पुण्याहून घरी निघाला असाल. पुढच्या वेळी उभे राहाल तेव्हा पाच मिनिटं मोबाइल खिशात ठेवा आणि फक्त चारही रस्त्यांकडे बघा.

सोलापूरकडे तोंड केलं की समोरचा रस्ता भिगवणला जातो. म्हणजे उजनीचा फुगवटा, फ्लेमिंगो आणि दर हिवाळ्यात तुमच्या-माझ्या स्टेटसला पडणारे ते गुलाबी फोटो. डाव्या हाताला दौंड आणि भीमा, नदीपलीकडे काष्टी, पुढे शिरूर. मैलोन्‌मैल ऊस, आणि उसात बिबट्या. उजव्या हाताला बारामतीचा रस्ता. तिकडे शिर्सुफळ, सुपे, ते उघडंबोडकं दिसणारं माळरान, ज्यात चिंकारा आणि लांडगे राहतात. पाठीमागे पुणे. तिथून आपल्याकडे पाणी येतं. ते कोणत्या रंगाचं येतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

एका चौकातून अर्ध्या-एक तासाच्या अंतरात एवढं सगळं आहे. आणि या सगळ्याला जोडणारी गोष्ट एकच, पाणी. कुठे अडवलं, कुठे वळवलं, कुठे उपसलं, कुठे घाण केलं.

'धरण हवं की पक्षी हवेत' ही वादस्पर्धा आपण शाळेपासून ऐकत आलोय. मला ती आता खोटी वाटते. आपल्या भागात पाणी आल्यावर वन्यजीव संपले असं सरळ झालेलंच नाही. काही गेले, काही नव्यानं आले. पाण्याची प्रत्येक योजना ही वन्यजीवांचीही योजना असते. फक्त तो भाग कुणी कागदावर लिहीत नाही. आणि जे लिहिलं नाही, त्याची किंमत कुणी दिली ते बघा.

2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत भागात जेमतेम तीन आठवड्यांत बिबट्यानं तीन जीव घेतले. दोन लहान मुलं आणि एक आजी. लोक रस्त्यावर उतरले, महामार्ग अडवला. शेवटी एका बिबट्याला गोळी घातली गेली. त्या दिवसांत आपल्या सगळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोनच प्रकारचे मेसेज फिरत होते, 'सगळे मारून टाका' आणि 'माणसानं जंगलं तोडली म्हणून ते आले'. पहिल्याबद्दल मी आत्ता वाद घालत नाही. ज्याच्या घरातलं मूल गेलं त्याच्याशी वाद घालायचा नसतो. पण दुसरा मेसेज, जो आपल्यासारखी 'समजूतदार' पोरं पाठवतात, तो इथे लागू पडत नाही.

कारण पिंपरखेडला कुणी घनदाट जंगल तोडलं नाही. तिथे पाणी आलं. कुकडी प्रकल्पात पाच धरणं आहेत: येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज आणि पिंपळगाव जोगे. त्यांचे कालवे जुन्नर-आंबेगावातून निघून शिरूर, पारनेर, श्रीगोंद्यापर्यंत जातात. ज्या रानात बाजरी-मटकी व्हायची तिथे ऊस उभा राहिला. आता उसाकडे बिबट्याच्या नजरेनं बघा. वर्षभर उभं असलेलं दाट पीक, आत सावली आणि ओल, माणूस आत फिरकत नाही, वस्तीवर कुत्री, शेळ्या, कोंबड्या. याहून चांगली जागा पिल्लं घालायला कुठे मिळणार? तोडणी सुरू झाली की फडात पिल्लं सापडल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. ती पिल्लं उसात जन्मली, त्यांच्या आया उसात जन्मल्या. 'त्यांना त्यांच्या जंगलात सोडा' असं आपण म्हणतो, तेव्हा त्यांचं जंगल म्हणजे तोच ऊस असतो.

उचलून दुसरीकडे सोडून बघितलंय. 2000 नंतरच्या काही वर्षांत जुन्नर भागात हल्ले वाढले तेव्हा बिबटे पकडून लांब नेऊन सोडले गेले. विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातून पुढे दिसलं की ज्या भागांत ते सोडले तिथे हल्ले वाढले. 'आजोबा' सिनेमा तुम्ही बघितला असेल, उर्मिला मातोंडकरचा. तो खऱ्या बिबट्यावर बेतलेला आहे. पारनेरच्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला हा बिबट्या बाहेर काढून माळशेजकडे सोडला, आणि तो चालत चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. आपण नकाशावर त्याची जागा ठरवून दिली, त्याला ती मान्य नव्हती.

मग करायचं काय? एक साधी गोष्ट सांगते, आणि ती वनखात्याच्या हातात नाही. शेतीला थ्री फेज लाइट रात्रीची असते. मग रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन दारं धरायला जावं लागतं. उसाच्या कडेनं, वाकून, एकट्यानं. वाकलेला माणूस बिबट्याला माणसासारखा दिसत नाही. दिवसा लाइट द्या ही शिरूर-जुन्नरच्या शेतकऱ्यांची मागणी कितीतरी जुनी आहे. आता सौर कृषी वाहिनीतून काही ठिकाणी दिवसा वीज मिळायला लागली, तेव्हा कुठे ती थोडी पुढे सरकली. धरणाचा आराखडा करताना, कालव्याचा करताना, विजेचं वेळापत्रक करताना 'इथे बिबट्या येणार आहे' असं कुणी लिहिलं असतं तर? इंजिनिअरिंगवाल्यांनो, हा प्रश्न तुम्हाला आहे.

दौंडच्या भीमाकाठच्या गावांतही बिबट्या आता नवा राहिलेला नाही. पण आपण जरा उजवीकडच्या रस्त्याकडे वळू, कारण तिकडे बरोबर उलटं चाललंय.

सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. 1997 मध्ये जाहीर झालेलं, क्षेत्रफळ 5.14 चौरस किलोमीटर. राज्यातल्या सगळ्यात छोट्या अभयारण्यांपैकी एक. राखलंय कुणासाठी, तर चिंकाऱ्यासाठी. चिंकारा हा फार कमी मागण्या असलेला प्राणी. पाणी नसलं तरी पाल्यातल्या ओलाव्यावर दिवस काढतो. त्याला हवं फक्त आखूड गवत आणि लांबवर दिसेल अशी मोकळी जागा, म्हणजे धोका आला की पळता येतं. नेमकी हीच जागा आपल्या सरकारी आणि बिनसरकारी भाषेत 'पडीक' असते. पडीक म्हटलं की ती कशालाही द्यायला मोकळी.

या पट्ट्याला जनाई-शिरसाई उपसा योजनेचं पाणी येतं. वरवंडच्या तलावातून जनाईचं, शिर्सुफळच्या तलावातून शिरसाईचं. आता इथे मी थांबून एक गोष्ट स्पष्ट सांगते, नाहीतर माझ्या घरचेच मला हाकलतील. या भागाला पाणी नको असं म्हणायची माझी हिंमतही नाही आणि इच्छाही नाही. माझ्या आज्जीचं अर्धं आयुष्य हंडा आणि टँकर यांच्यामध्ये गेलं. योजनेचं पाणी पहिल्यांदा चारीत आलं तेव्हा तिनं त्याला हळदी-कुंकू वाहिलं होतं. त्या पाण्याला विरोध करणारा लेख मी लिहूच शकत नाही.

पण त्या पाण्यावर काय लावायचं, हा प्रश्न वेगळा आहे. ज्वारी, कडवळ, डाळिंब लावलं तर माळाचा काही भाग माळ राहतो, मेंढपाळाला चारा मिळतो, लांडग्याला मेंढी (हो, तेही आलंच, आणि त्याची भरपाई वेळेवर मिळायला हवी). ऊस लावला की बांध, तारेचं कुंपण, कुत्री. मोकळी नजर संपते. चिंकारा जातो. आणि त्याच्या जागी दहा वर्षांनी कोण येतं ते आपण शिरूरमध्ये बघितलंच. म्हणजे उपसा योजनेच्या लाभक्षेत्राची रेघ मारताना आपण 'चिंकारा बाद, बिबट्या आत' अशी सहीच करत असतो. सही करणाऱ्याला ते माहीत नसतं, एवढाच फरक.

वनविभागानं शिर्सुफळ आणि इंदापूरच्या कडबनवाडीला गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली, ते मला आवडलं. कारण त्यामुळे पहिल्यांदाच कुणाला तरी वाटलं की या मोकळ्या माळाला तिकीट लावता येतं, म्हणजे तो रिकामा नाही. ताडोबाला जाऊन आलेल्या मित्राला एकदा तिथे न्या. वाघ दिसणार नाही. पण पहाटे गवतातून लांडगा आपल्याकडे एकदा बघून तिरका निघून जातो, ते दिसलं तर तो मित्र दोन दिवस गप्प बसेल.

आता समोरचा रस्ता. भिगवण.

उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झालं. पळसदेवसारखी गावं पाण्याखाली गेली. दुष्काळात पाणी उतरलं की पळसनाथाचं जुनं देऊळ अजून वर येतं आणि ज्यांचं गाव बुडालं ती म्हातारी माणसं ते बघायला जातात. भीमा इथे वाहती नदी होती, तिला वाळूची बेटं होती. त्या वाळूवर नदी सुरय अंडी घालायचा. वाळू धरणाखाली गेली, आणि वर दौंड-शिरूरकडे उरलेली वाळू उपशात गेली. तहसीलदारांनी वाळूच्या बोटी उडवल्याचे व्हिडिओ आपण बघतो, पण त्या वाळूवर कुणाचं घरटं होतं ही बातमी कधी येत नाही.

सुरय गेला आणि फ्लेमिंगो आला. रोहित म्हणा, अग्निपंख म्हणा. तो आला तो धरणामुळे, हे आधी मान्य करू. पण धरणात पाणी आहे म्हणून तो येत नाही, तर धरणातलं पाणी उतरतं म्हणून येतो. फ्लेमिंगो उथळ पाण्यात उभा राहतो, मान खाली घालून चोच उलटी करतो आणि चिखलाचं पाणी गाळून त्यातलं बारीकसारीक खातो. धरण काठोकाठ असेल तर त्याला उभं राहायला जागाच नाही. म्हणून ज्या वर्षी पाऊस चांगला, त्या वर्षी कुंभारगावचे नाववाले म्हणतात, 'अजून आले नाहीत, पाणी लय आहे.' जसजशी आवर्तनं सुटतात तसतसा काठ उघडा पडतो आणि पक्षी उतरतात. चिखलाची तीच पट्टी गाळपेरीला विस्थापित शेतकऱ्यांना हवी असते, तिथेच मच्छीमारांची जाळी असतात. म्हणजे फुगवट्याच्या काठाची एक पट्टी आणि तिचे मालक तीन. तिघांचंही पोट एकाच गोष्टीवर ठरतं: पाणी कधी आणि किती वेगानं उतरवलं.

ते कोण ठरवतं? कालवा सल्लागार समिती. पालकमंत्री, आमदार, पाटबंधारेचे अधिकारी. तिथे पिण्याचं पाणी, शेती, उद्योग यांचं बोलणं होतं, आणि व्हायलाच पाहिजे. पण उजनीच्या पाण्यावर किती ताण आहे ते आठवा. 2021 च्या एप्रिलमध्ये उजनीतून इंदापूरला 5 टीएमसी पाणी द्यायचं ठरलं. युक्तिवाद काय होता? पुण्याचं जे सांडपाणी उजनीत येतं, तेवढंच आम्ही घेतो. सोलापूर पेटलं आणि पुढच्याच महिन्यात निर्णय रद्द झाला. दोन जिल्हे भांडले, आणि सगळ्यांनी हसत-रागावत एक गोष्ट गृहीत धरली, की उजनी पुण्याच्या सांडपाण्यावर भरते. त्यावर कुणाला धक्का बसल्याचं मला आठवत नाही.

आकडे ऐका. उजनीची क्षमता साधारण 117 टीएमसी. त्यातला 63 टीएमसीहून जास्त मृतसाठा, म्हणजे कालव्यात न जाणारा. 2024 च्या उन्हाळ्यात धरण 'उणे 60 टक्क्यां'च्या आसपास गेलं, म्हणजे मृतसाठ्यातलंही निम्मं पाणी आपण उपसलं. आता दुसरा आकडा. राजस्थानातलं भरतपूरचं केवलादेव उद्यान, जे जगभरात प्रसिद्ध आहे, तेही माणसानं पाणी सोडून तयार केलेलं पाणथळ आहे. त्याला वर्षाला 550 दशलक्ष घनफूट पाणी लागतं. टीएमसीत 0.55. 2004 च्या सुमारास पांचना धरणावरच्या शेतकऱ्यांनी ते पाणी अडवलं, उद्यान कोरडं पडलं, आणि मग लांबून नाल्यानं आणि पाइपलाइननं पाणी आणावं लागलं. शेतकऱ्यांना मी तिथेही दोष देत नाही. पण अर्धा टीएमसी! उजनीत बाष्पीभवनानं जे उडून जातं त्याच्यापुढे हे काहीच नाही.

आणि आपल्याला तर तेवढंही वेगळं मागायचं नाही. भिगवणच्या पक्ष्यांना एक थेंबही जास्त नको. तेच पाणी, तोच ऊस, तीच पिण्याची पाइपलाइन. फक्त डिसेंबर ते मे पातळी कशी उतरणार याचं वेळापत्रक आधी ठरवून जाहीर करा, म्हणजे काठावरच्या तिघांनाही कळेल की कोणती पट्टी कधी उघडी पडणार. त्यातली एखादी पट्टी गाळपेरीविना, जाळ्यांविना सोडा, आणि तिचा मोबदला गाळपेर करणाऱ्याला द्या. नाशिकजवळचं नांदूरमधमेश्वर बघा. तेही बंधाऱ्यामुळेच झालेलं पाणथळ, 1986 पासून अभयारण्य, 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ झालं. कालव्यांनी शेती तिथूनही भिजते.

एक कडू गोष्ट मात्र राहते. उजनीचं पाणी उन्हाळ्यात हिरवं होतं. सांडपाण्यातलं खत, शेतातलं खत, त्यावर वाढलेलं शेवाळ. असलं पाणी फ्लेमिंगोला काही काळ चालतं, मुंबईच्या खाडीत आपण ते बघतोच. त्यामुळे 'पक्षी आलेत म्हणजे पाणी चांगलं आहे' हे समजून घेऊ नका. गुलाबी फोटोच्या खाली हिरवं पाणी असू शकतं, आणि तेच पाणी सोलापूर पितं. मुळा-मुठा भीमेला मिळते ती वाळकी-रांजणगाव सांडसजवळ, आपल्याच दौंड-शिरूरच्या हद्दीवर. एकदा संगमावर जाऊन उभे राहा, नाक तुम्हाला सगळं सांगेल. पुण्यात 44 किलोमीटरचा नदीकाठ सुधार प्रकल्प चाललाय, 2023 च्या एप्रिलमध्ये त्यातल्या झाडांसाठी पोरं 'चलो चिपको' म्हणत रस्त्यावर उतरली. मी त्यांच्या बाजूची आहे. पण त्यांना एक सांगायचंय: काठ गोड करण्याआधी सांडपाण्याची नवी 11 शुद्धीकरण केंद्रं पूर्ण दमानं चालतात का, हे विचारायला आम्हाला पण बोलवा. खाली आम्ही राहतो. आणि हो, पुण्याकडे बोट दाखवताना आपल्या दाराशीही बघू. कुरकुंभच्या रासायनिक सांडपाण्याच्या तक्रारी काही पुण्यातून आलेल्या नाहीत.

मग आपण करायचं काय? मोर्चा मला जमत नाही, रील तर अजिबात नाही. पण एक प्रोजेक्ट डोक्यात आहे. उजनीची रोजची पातळी जलसंपदा विभाग जाहीर करतो. भिगवणला कोणत्या तारखेला कोणते पक्षी दिसले हे लोकांनी ई-बर्डवर वर्षानुवर्षं टाकलंय, फुकट बघता येतं. ही दोन कोष्टकं एकाखाली एक ठेवायची. कोणत्या पातळीला पक्षी उतरतात, कोणत्या पातळीला उठतात. एका सेमिस्टरचं काम आहे. ते एका पानावर काढून कालवा सल्लागार समितीच्या बैठकीआधी आपल्या आमदाराच्या हातात द्यायचं. शेरेबाजी नको, भाषण नको, एक पान. राष्ट्रीय जलनीतीत 2012 पासून लिहिलेलंच आहे की नदीच्या पाण्याचा काही वाटा निसर्गाच्या गरजांसाठी राखावा. आपण फक्त तारीख आणि पातळी भरून द्यायची.

दुसरं, प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी, 2002 चा कायदा आहे. आपल्या गावची नोंदवही मागा. त्यात चिंकारा आहे का, लांडगा आहे का, बिबट्या कोणत्या साली पहिल्यांदा दिसला हे लिहिलंय का, बघा. नसेल तर आज्जी-आजोबांना विचारून भरा. उद्या तुमच्या माळावर नवी चारी काढायचा ठराव आला, तर ग्रामसभेत हेच पान काढता येईल.

भिगवणची पातळी आणि पक्षी, हे काम मी घेतलंय, बारामतीची दोन पोरं सोबत आहेत. शिरूरच्या बाजूनं उसात बिबट्या कधी-कुठे दिसला याची गावनिहाय यादी करायला कुणी तयार आहे का? शिर्सुफळच्या माळासाठी पण एक माणूस हवाय, सकाळी पाचला उठणारा.